एक माणूस, दोन ओळी

कडोदऱ्याच्या चौफुलीवर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला सुरत-धुळे रस्ता येऊन मिळतो. या रस्त्याने आणि ताप्ती लाईनच्या गाड्यांनी खानदेशातली माणसं पिढ्यानपिढ्या सुरतेकडे कामाला येत आली आहेत. डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत जेट, स्टेंटर, फोल्डिंगवर त्यांच्या जोडीला ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार असतात. बरेचजण ठेकेदाराच्या मस्टरवर. अशाच एका मिलच्या पगार विभागात मी काम करतो.

लग्नसराईला गावी गेलेला माणूस पेरण्या उरकून परततो, तोवर त्याची जागा भरलेली असते. मग तो दुसऱ्या ठेकेदाराकडे लागतो. मिल तीच, मशीन तेच. पण आमच्या एक्सेलमध्ये त्याच्या नावाची नवी ओळ उगवते.

स्टेंटरवरच्या एका खानदेशी कामगाराला फेब्रुवारीत कावीळ झाली. कर्मचारी राज्य विमा योजनेतून (ईएसआय) आजारपणात रोजच्या सरासरी मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षात 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. त्याला सांगण्यात आलं, "भाऊ, दिवस भरत नाहीत." तक्त्यात 37 दिवस दिसत होते. मेपर्यंतचे ते 37. ऑगस्टपासूनचे 48 खाली दुसऱ्या ओळीत पडून होते. बेरीज 85.

दोष दिसण्याच्या पद्धतीत होता. व्हीलुकअप पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबतो. ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ तर पहिली ओळ ठेवून बाकीच्या पुसतो, म्हणजे माणसाने उभ्याने केलेली दोन महिन्यांची मेहनतच पुसतो. हे बटण पगाराच्या तक्त्यावर कुणी दाबू नये, असं माझं ठाम मत आहे.

ओळी जुळवायच्या कशावरून, हा खरा प्रश्न. नावावरून मुळीच नाही. खानदेशातल्या एकेका गावातून किती पाटील येतात! भविष्यनिर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन ठेकेदार बदलला तरी तोच राहतो, म्हणून तो धरला. त्यातही एक खोड आहे. बारा अंक दिसले की एक्सेल आकडा आखडून 1.01ई+11 असा दाखवतो, आणि फाइल तशीच सीएसव्हीत साठवली की उरलेले अंक कायमचे जातात. मग शेकडो वेगळी माणसं एकाच क्रमांकाची होऊन बसतात. म्हणून तो रकाना आधीपासूनच मजकूर म्हणून ठेवावा लागतो.

पुढे काउंटइफने प्रत्येक यूएएनच्या नोंदींना 1, 2, 3 असे अनुक्रम दिले आणि पॉवर क्वेरीत ते आडवे फिरवले. ठेकेदार 1, विमा क्रमांक 1, दिवस 1. त्याच्या शेजारी ठेकेदार 2, विमा क्रमांक 2, दिवस 2. एका माणसाची एक ओळ. नुसती बेरीज करून भागलं नसतं. एकाच तारखेला दोन मस्टरवर हजेरी असेल, तर ईएसआयच्या हिशेबात दिवस एकच धरायचा. ते तपासायला मूळ नोंदी शेजारीशेजारी दिसाव्याच लागतात.

आणि तसं मांडल्यावरच दुसरी गोष्ट उघडी पडली. या कामगाराचे विमा क्रमांक 1 आणि 2 वेगवेगळे होते. दुसऱ्या ठेकेदाराने जुना क्रमांक न विचारता नवाच काढला होता. म्हणजे आमचा तक्ता सुधारूनही ईएसआयच्या दप्तरी तो दोन माणसंच राहिला असता, दोन्हीही 78 च्या आतली. दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज त्या एका ओळीच्या आधारे लिहिला.

ईएसआयचा विमा क्रमांक कामगाराला एकदाच मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच चालतो. ठेकेदार बदलणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्या दिवशीच सांगावा, आणि मस्टर लिहिणाऱ्याने तो विचारल्याशिवाय नवी ओळ उघडू नये.