पास्त्याचं पाकीट उलटं करून वाचा

ऑफिसातून घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजतात. त्यानंतर पोळ्या लाटायचा उत्साह माझ्यात तरी नसतो, आणि रोज बाहेरून मागवलं की खिसा आणि पोट दोन्ही कुरकुरतात. म्हणून आठवड्यातून दोनदा आमच्याकडे पास्ता. तोही अगदी साधा... ऑलिव्ह तेल, लसूण, सुकी मिरची, बस्स. इतक्या साध्या पदार्थात पास्ताच चांगला नसेल तर मग उरलं काय?

आता दुकानात बघाल तर दहा ब्रँड. सगळ्यांवर इटलीचा झेंडा, नाहीतर मिशीवाला आचारी. किंमत एकाची दुसऱ्याच्या तिप्पट. तर मंडळी, झेंडा सोडा आणि पाकीट उलटं करा. खरं स्पेसिफिकेशन मागे असतं.

पहिलं, गहू. ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, एवढंच हवं. आपला बन्सी गहू ड्युरमच. इटलीत १९६७ साली कायदाच झाला, की तिथल्या कारखान्यांनी देशात विकायचा सुका पास्ता ड्युरमचाच करायचा. यादीत मैदा दिसला की पाकीट जागेवर ठेवून द्यावं.

दुसरं, प्रथिनं. १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम असतील तर उत्तम. ग्लुटेनची जाळी घट्ट असली की पास्ता एखादं मिनिट जास्त शिजला तरी लगदा होत नाही.

तिसरं, साचा. चकलीच्या सोऱ्यासारखंच प्रकरण आहे. पीठ टेफ्लॉनच्या साच्यातून दाबलं की पास्ता गुळगुळीत, चकचकीत निघतो आणि काम भराभर होतं. ब्राँझच्या साच्यातून तो खरखरीत निघतो, वरून पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो. त्या खरखरीला सॉस धरून राहतो. पाकिटावर इटालियनमध्ये 'त्राफिलाता अल ब्रोंझो' लिहिलेलं शोधा.

चौथं, वाळवण. जास्त तापमानाला काही तासांत काम उरकतं, पण पास्ता पिवळाधमक होतो आणि गव्हाची चव मार खाते. कमी तापमानाला एक-दोन दिवस लागतात, रंग फिकट राहतो. घाई केली की वाळवण बिघडतं, हे कुरडया घालणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा.

या चाळणीतून माझ्याकडे उरलेली नावं: आब्रुत्सोमधल्या फारा सान मार्तिनोचा दे चेको, बेनेव्हेंतोचा रुम्मो आणि नेपल्सजवळच्या ग्रान्यानोचा गारोफालो. ग्रान्यानोच्या पास्त्याला २०१३ पासून युरोपातलं भौगोलिक मानांकनही आहे.

महाग पडतं का? दोघांना २०० ग्रॅम पुरतो. म्हणजे अर्ध्या किलोत अडीच जेवणं. बाहेरच्या एका ऑर्डरशी तुलना करून बघा. मात्र व्हाइट सॉस आणि ढीगभर चीज घालून बेक करणार असाल, तर खुशाल स्वस्तातला घ्या. फरक कळणारही नाही.

आणि एक. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला पास्ता उचलून कढईत टाका, सोबत त्याच पाण्याचा एक डाव. ब्राँझच्या पास्त्यानं पाण्यात सोडलेला स्टार्च तेलाला असा काही धरतो की चीजची आठवणही येत नाही.