तीन नंबरचं कार्ड

३ जून २०२० ला, बुधवारी दुपारी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले, झाडं रस्त्यांवर पडली. मी तेव्हा पेण-रोहा भागात इंटरनेटची यंत्रं सांभाळायचं काम करत होतो. शुक्रवारी सकाळी पेणहून नागोठण्यामार्गे रोह्याला निघालो. लॉकडाऊनमुळे मशिदी बंदच होत्या, जुमा चुकायचा प्रश्न नव्हता. डोक्यात एकच विचार होता, रोह्याच्या राउटरचा. मुंबईत अडकलेली मुलं आणि गावात असलेले आईबाप यांचं बोलणं त्याच्यावर अवलंबून होतं.

हा राउटर म्हणजे घरातल्या अँटेनावाल्या डबीसारखा नव्हे. लोखंडी कपाटात बसवलेली मोठी पेटी असते, तिला खण असतात. एका खणात मुख्य कार्ड, म्हणजे यंत्राचा मेंदू. बाकीच्या खणांत फायबरच्या केबली जोडायची कार्डं. शिवाय दोन पॉवर सप्लाय आणि पंखे. एखादं कार्ड बिघडलं तर यंत्र चालू ठेवून तेवढंच काढता-घालता येतं.

बुधवारी रात्रीच बॅटऱ्या संपून यंत्र बंद पडलं होतं. छतातून पाणी गळत होतं म्हणून तिथल्या मदतनीस मुलाने स्वतःच्या अकलेने कार्डं बाहेर काढली, कोरडी ठेवली आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा बसवली. पोरगा कातकरी वाडीतला, ठेकेदाराकडे रोजावर.

जनरेटर लावला, यंत्र सुरू झालं. सगळीकडे हिरवे दिवे लागले, फक्त तीन नंबरचा पिवळा. मुंबईकडे जाणारी मुख्य फायबर त्याच कार्डावर होती.

"जोर लावून घुसवलंस ना? पिना वाकवल्यास. लाखाचं कार्ड घालवलंस," मी वॉचमनसमोर ओरडलो.

"नाय भाई, कडी लागेस्तोवरच दाबला," तो म्हणाला आणि गप्प बसला.

मी फक्त तो खण बंद करून चालू केला. दोनदा. मग कार्ड काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पिना सरळ होत्या. तरी मला त्याचं खरं वाटेना. कार्ड दुसऱ्या खणात घालून बघितलं, तिथेही पिवळाच दिवा. मग कार्ड मेलंय असं ठरवून रिपोर्ट लिहायला घेतला. 'हाताळणीत निष्काळजीपणा' हे शब्द लिहूनही झाले होते. रिपोर्ट गेला असता तर त्याचा रोज बंद झाला असता.

रिपोर्टमध्ये सॉफ्टवेअरचा नंबर लिहावा लागतो. तो बघायला लॅपटॉप जोडला आणि माझे हातच थांबले. यंत्र जुन्या सॉफ्टवेअरवर चालू होतं.

हे कार्ड मीच आदल्या नोव्हेंबरात बसवलं होतं. त्याला नवं सॉफ्टवेअर लागत होतं. त्या दिवशी मी ते हाताने आदेश देऊन चढवलं, दिवा हिरवा झालेला पाहिला आणि पेणची गाडी पकडायला पळालो. पुढच्या वेळी सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, ही एक ओळ लिहून सेव्ह करायची राहिली. यंत्र सात महिने अखंड चाललं, म्हणून चूक दिसली नाही. चालत्या यंत्राला ती ओळ लागतच नाही. लागते ती बंद पडून उठताना. वादळानंतर उठल्यावर त्याने साठवणीतली पहिली फाईल घेतली, ती जुनी होती. तिला हे कार्ड ओळखता येईना.

अशा वेळी सवयीने 'सेव्ह' केलं तर आणखी घात होतो. कार्ड ओळखलं गेलं नाही तर त्याच्या सेटिंगच्या ओळी यंत्र वगळतं. तशात सेव्ह केलं की साठवलेल्या प्रतीतूनही त्या पुसल्या जातात. म्हणून काहीही सेव्ह न करता यंत्र थांबवलं, कार्ड पुन्हा तीन नंबरच्या खणात घातलं आणि नवं सॉफ्टवेअर हाताने चढवलं. दिवा हिरवा झाला. राहिलेली ओळ लिहिली, मग सेव्ह केलं. आणि लाईन नुकतीच आलेली असतानाही यंत्र मुद्दाम एकदा बंद करून चालू केलं. दहा-बारा मिनिटं पुन्हा सगळं बंद. फोनवर शिव्या खाल्ल्या. पण यंत्र आपलं आपण उठतं की नाही, हे उठवल्याशिवाय कळत नाही.

यंत्र उठेपर्यंत पोरगा दारात बसून होता. बदगुमानीपासून दूर राहा, असं सूरह हुजुरातमध्ये सांगितलंय. लहानपणापासून ऐकत आलोय. काही बिघडलं की पहिली नजर कुणाकडे वळते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. भाड्याचं घर शोधताना ती नजर आपण सोसलेली आहे. त्या दिवशी तीच नजर माझ्या डोळ्यांत होती. कार्डाला शेवटचा हात त्याचा लागला होता आणि तो सगळ्यांत गरीब होता, एवढाच माझ्याकडचा पुरावा. उलट त्याने कार्डं काढून ठेवली नसती तर गळक्या छताखाली ती खरोखरच गेली असती.

ओरडलो होतो वॉचमनसमोर, म्हणून माफीही वॉचमनसमोर मागितली. रिपोर्ट खोडून नव्याने लिहिला. कारणाच्या रकान्यात माझं नाव घातलं आणि कार्डं वाचवणाऱ्याच्या जागी त्याचं.

तो म्हणाला, "भाई, आता घरी फोन लागंल ना तुमचा?"

तोवर मी घरी फोन केलाच नव्हता.