लाखेखालचा शब्द

अँड्र्यू जॅक्सन १७९६मध्ये टेनेसीहून अमेरिकेच्या संसदेत गेला, त्या राज्याचा पहिला प्रतिनिधी म्हणून. पुढे सेनापती झाला, १८२९ ते १८३७ राष्ट्राध्यक्ष. त्याचे कागद नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठात खंडाखंडाने छापले जात आहेत. पहिला खंड १९८०चा. सातव्यापासून एका खंडात एकच वर्ष. हे खंड चाळताना, या कागदांभोवतीचं काय काय गेलं आणि काय जातंय, त्याचीच नोंद मनात होत गेली.

शाई. ओकच्या झाडावरच्या गाठी आणि लोहाचा क्षार यांची. लिहिल्यावर काळी, वर्षांनी तपकिरी. मग ती कागद खाते. हात जड पडला असेल तिथे अक्षर जातं आणि भोक राहतं.

लाख. तेव्हा पत्राला पाकीट नसे. लिहिलेलाच कागद दुमडायचा, वर लाख, लाखेवर मोहोर. पत्र फोडताना लाखेबरोबर कागदाचा टवका निघे, त्यावरचा शब्दही जाई. असा गेलेला शब्द संपादक अंदाजाने घालतात तेव्हा तो चौकटी कंसात घालतात. मला या कंसांबद्दल फार आदर आहे. इथे काही होतं, आता नाही, हे वाचकाला इतक्या प्रामाणिकपणे फार थोडी पुस्तकं सांगतात.

सहीखालचा कागद. थोरामोठ्यांच्या सह्या जमवणाऱ्यांनी त्या काळच्या पत्रांना कात्री लावली. सही वाचली, तिच्या पाठीमागच्या ओळी गेल्या.

चुकीचं स्पेलिंग. जॅक्सन कधी एकच शब्द दोन तऱ्हांनी लिही. संपादक ते सुधारत नाहीत, आणि सुधारूही नये. सीमेवर वाढलेल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या माणसाचा आवाज त्या चुकांत आहे.

अक्षरं जोडून लिहायचं इंग्रजी वळण. २०१०च्या अभ्यासक्रम-मानकांत त्याला जागा नव्हती आणि अनेक अमेरिकन शाळांतून ते गेलं. काही राज्यांनी नंतर परत आणलं. तरी तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार आज हे वळण वाचणारे स्वयंसेवक शोधतं. पणजोबांचं पत्र हातात, पण वाचता येत नाही.

मायक्रोफिल्म. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयातले जॅक्सनचे कागद ७८ रिळांवर होते. आता ते पडद्यावर दिसतात. हाताने रीळ फिरवताना वाटेत भलतंच पत्र दिसायचं, ते आता कमी.

मोठ्याने वाचणं. अशा कामांत एक जण मूळ पत्र वाचतो, स्वल्पविरामासकट, मोठ्या लिपीतल्या अक्षरासकट. दुसरा जुळणीवर बोट ठेवून ऐकतो. दोन माणसं, एक कागद, सगळी दुपार.

धीर. सातवा खंड २००७चा, आठवा २०१०चा, नववा २०१३चा, दहावा २०१६चा, अकरावा २०१९चा. जॅक्सनच्या एका वर्षाला संपादकांची तीन वर्षं. एवढं थांबायला तयार असलेली विद्यापीठं आणि सरकारं कमी होत चालली आहेत, याची मला खरी काळजी वाटते.

रेचलचा हात. जॅक्सनने बायकोला लिहिलेली पत्रं बरीच उरली, तिने त्याला लिहिलेली फार थोडी. तो राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेण्याआधीच, डिसेंबर १८२८मध्ये, ती गेली.

आणि ज्यांना लिहूच दिलं नाही ती माणसं. जॅक्सनच्या मळ्यावर गुलाम राबत. ती दुसऱ्याच्या कागदावर येतात, खरेदीखतात, हिशेबात. दुसऱ्या खंडात १८०४ची एक जाहिरात आहे, पळून गेलेल्या गुलामासाठी जॅक्सनने वर्तमानपत्रात दिलेली. पकडून देणाऱ्याला पन्नास डॉलर. शिवाय दर शंभर फटक्यांमागे दहा डॉलर, तीनशे फटक्यांपर्यंत. ही जाहिरात खंडात जशीच्या तशी आहे. थोर माणसाचे कागद छापायचे तर असेच, सगळे छापावेत.

पळालेला माणूस तिशीचा, सहा फूट एक इंच उंच, चालताना जरा वाकणारा, पाऊल मोठं आणि रुंद. जाहिरातीत हे सगळं आहे. त्याचं नाव नाही.