आहे का हो तुमच्याकडे?

मुंबईतल्या दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा प्रत्येकाच्या गाठीशी एकेक अडचण होती. कुणी दीर-जावांच्या खोलीत पडदा लावून संसार केलेला, कुणी पोटभाडेकरू, तर कुणाला दर अकरा महिन्यांनी बोचकी बांधायची सवय. अडचण ज्याची त्याची, पण एकेकट्याने दार ठोठावलं असतं तर कुणी उघडलं नसतं. कमाल जमीनधारणेचा कायदा १९७६ साली आला. मुंबईत एकाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन नसावी, हा त्याचा दंडक होता. मग ही जास्तीची जमीन घर नसलेल्यांना का मिळू नये? मृणालताई गोरे आणि बाबुराव सामंत या नेत्यांनी हा प्रश्न लावून धरला. नागरी निवारा परिषदेच्या सभा, अर्ज, कोर्टकचेऱ्या, आणि वर्षानुवर्षं वाट पाहणं. पुढे डोंगराच्या कुशीत सहा हजारांवर घरं उभी राहिली. प्रत्येकाला आपली चावी मिळाली, ती सगळ्यांनी मिळून मागितल्यामुळे.

मागायची सवय तशी जुनीच. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांत आमच्यातल्या कुणाकुणाच्या आया होत्या. सकाळी मोर्चात गेलेलं लाटणं संध्याकाळी पोळपाटावर.

इथे आल्यावर घर आपलं झालं, सामान मात्र निम्मं शेजारचं. पुरणयंत्र एकीकडे, सोऱ्या दुसरीकडे, इडलीपात्र वरच्या मजल्यावर, शिडी सेक्रेटरींच्या दाराआड. फोन एकाच घरात, आणि नंबर साऱ्या जिन्याच्या नातेवाइकांकडे. सणाच्या आदल्या दिवशी जिन्यात एकच हाक ऐकू यायची, "काकू, आहे का हो तुमच्याकडे?" असायचंच. वाटी साखरेने भरून न्यायची आणि परत देताना रिकामी द्यायची नाही, लाडू नाहीतर निदान चार कढीपत्त्याची पानं तरी घालायची.

सोसायटीचं पितळी पातेलं अजून डोळ्यांसमोर आहे. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं सोसायटीचं नाव, बुडाला दोनदा लावलेला डाग, वर्षातून एकदा कल्हई. त्यात सत्यनारायणाचा शिरा झाला, कोजागिरीचं दूध आटलं, बारशाचा मसालेभात झाला. सतरंजी उसवली की दुपारच्या वेळी दोघी-तिघी दाभण घेऊन बसायच्या. वस्तू कुणा एकाची नव्हती, म्हणून तिची काळजी सगळ्यांना.

भांडणं नव्हती असं कसं म्हणू? पाण्यावरून झाली, गॅलरीतल्या ठिबकणाऱ्या कपड्यांवरून झाली, दहावीच्या परीक्षेत वाजणाऱ्या टेपवरून झाली. एका उन्हाळ्यात पाणी फारच कमी आलं. घरटी ठरावीक हंडे, असा नियम गच्चीवरच्या सभेत झाला. एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या, त्यांचं रोजचं धुणं कसं व्हायचं? एकाला सूट दिली की दहाजण मागणार, असं काहींचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. आजींची गरजही खरी होती. शेवटी नियम तसाच ठेवला आणि जिन्यातल्या प्रत्येक घराने पाळीपाळीने त्यांच्या दाराशी एक बादली ठेवायची ठरवली. पाळीचा कागद मीटरच्या पेटीवर चिकटवला. कुणाचा दिवस चुकला तर दुसरी कुणीतरी न बोलता बादली ठेवून जाई.

एकाची गरज आणि सगळ्यांची गरज यांचं वैर असतंच, असं आम्हाला म्हणूनच पटत नाही. वैर होतं ते एकमेकांची गरज ठाऊक नसली की. बादलीवाल्या आजींना सगळे ओळखत होते, त्यांचं दुखणं जिन्याला माहीत होतं, म्हणून कागदावर नावं भराभर लिहिली गेली.

आता प्रत्येक घरात मिक्सर आहे, शिडी आहे, माणशी एक फोन आहे. बरंच आहे, आमच्या आयांनी फार ओझी वाहिली. सभेत आता पार्किंगचा विषय निघतो आणि आवाज चढतात. तेव्हा आमच्या मुलांना एवढंच सांगावंसं वाटतं: आधी विचारा, कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कोण रात्रपाळीहून येतं, कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं. मग जागा आखा. आपापला हक्क जरूर मागा. ही वसाहत हक्क मागूनच उभी राहिली आहे. फक्त मागताना शेजाऱ्याचा अर्जही आपल्याच हातात धरा, कारण आमची घरं तशीच मिळाली.