तांबडा दोरा

आयुष्यभर शाळेतले हजेरीपट भरलेल्या माणसाचा हात निवृत्तीनंतरही स्वस्थ बसत नाही. कोकणातल्या घरी राहावयास आल्यावर मी कलमांना क्रमांक दिले, विहिरीच्या पाण्याची पातळी वहीत टिपू लागलो, आणि खुडूक कोंबडीखालून एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले बाहेर पडली तेव्हा त्यांचीही नोंद करण्याचा मोह मला आवरला नाही. नऊ ओळी आखल्या. तारीख लिहिली, रंग लिहिला. ‘नर की मादी’ या रकान्यापाशी मात्र लेखणी अडली.

हा रकाना नुसत्या हौसेचा नव्हता. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. अधिक झाले की ते आपसांत झुंजतात आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसे उपटून काढतात. आमच्या घरी अंडी चालतात, मांस शिजत नाही. म्हणून जादा कोंबडे शेजारच्या वहिनींकडे जावयाचे, आणि तेथे त्यांचे पुढे काय होते याची चौकशी आम्ही करावयाची नाही, असा एक सोयीस्कर करार होता. त्या रकान्यात ‘नर’ लिहिणे म्हणजे काय लिहिणे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

या प्रश्नाने मोठमोठ्यांना चकविले आहे. लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते व गोलसर अंड्यातून नर, असे ॲरिस्टॉटल सांगतो. प्लिनी नेमके याच्या उलट सांगतो. दोघांच्याही अंगणात कोंबड्या असतीलच, तरी हे असे! वास्तविक कोंबडीच्या बीजातच नरमादीचा निर्णय झालेला असतो. कवच नंतर चढते, त्याच्या आकाराला त्यात काही मत नसते. जपानात मासुई आणि हाशिमोतो यांनी एका दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार उघडून आतल्या बारीकशा उंचवट्यावरून जात ओळखण्याची रीत शोधली व 1927 साली ओटावा येथील कुक्कुट परिषदेत ती जगापुढे आली. केंब्रिज येथे पनेट आणि पीज यांनी 1929 साली ‘कँबार’ नावाची अशी जात निपजविली की जन्मतःच लवेच्या रंगावरून नर निराळा दिसावा. पण जपानी बोटे मजजवळ नव्हती, आणि आमची पिल्ले गावठी, नाना रंगांची.

तेव्हा मी तुऱ्यावर भिस्त ठेवली. पिल्ले दोन महिन्यांची झाली. तिघांचे तुरे इतरांहून उंच आणि लाल दिसत होते. त्या तिघांच्या पायांत तांबडा दोरा बांधला, उरलेल्या सहांच्या पायांत हिरवा. वहिनी गडग्यापलीकडून पाहत होत्या. म्हणाल्या, “मास्तर, एवढी घाई कशाला? पाठीवरची पिसं येऊ द्यात की.”

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. तिसरा महिना उलटला की शेपटीच्या अलीकडे नराला निमुळती, टोकदार पिसे फुटतात. मादीची रुंद आणि गोलच राहतात. तुरा मात्र फसवितो. भावंडांच्या चोची खाऊन दबलेल्या नराचा तुरा मागे पडतो, एखाद्या मादीचा लवकर वाढतो. परंतु माझ्या वहीत शाईने लिहून झाले होते. पुढे पाय जाड होत गेले तसे मी दोरे दोनदा बदलले. दोन्ही वेळा पक्षी माझ्या हातांत होता आणि त्याची पाठ डोळ्यांसमोर होती. मी पाहिले ते इतकेच, की जुना दोरा तांबडा आहे, तेव्हा नवाही तांबडाच हवा.

त्या तिघांत अंगावर ठिपके असलेले एक होते. आमच्याकडे राहून शाळेत जाणाऱ्या नातीच्या हातून ते कण्या खाई. आपल्या भाषेची सोय अशी की पिल्लू असेतो ‘ते’ म्हणून वेळ मारून नेता येते. नात मात्र पहिल्यापासून “ती ठिपकी” म्हणे, आणि मी दर वेळी सांगे, “ती नव्हे, तो ठिपक्या.”

सहाव्या महिन्यात एका पहाटे खुराड्यामागून, आवाज फुटू लागलेल्या मुलासारखी, अर्धवट आरोळी ऐकू आली. जाऊन पाहतो तो तेथे हिरव्या दोऱ्याचा पक्षी उभा! आरवणारा दुसराच कोणी असून तो पळाला असावा, असे मी ठरविले.

त्याच आठवड्यात वहिनींकडे पाहुणे आले. तिन्हीसांजेला मी डालग्यात हात घातला, दोरा चाचपून पाहिला आणि एक पक्षी त्यांच्या हवाली केला.

दुसऱ्या दिवशी वहिनी गडग्यापाशी आल्या. जरा थांबून हळूच म्हणाल्या, “मास्तर, तुमचा कोंबडा अंड्यावर आला होता.” पोटात मोहरीपासून सुपारीएवढ्या पिवळ्या बलकांचा घोस निघाला होता. अंड्यावर येऊ लागली की कोंबडीचा तुरा लालबुंद होतो. मी मात्र तो लाल रंग पाहून आपला निकाल अधिकच पक्का समजलो होतो.

त्या दुपारी सारे दोरे कापून टाकले आणि एकेकाची पाठ पाहिली. तांबड्या दोऱ्याचे उरलेले दोघे खरोखरीच कोंबडे होते. हिरव्यांतलाही एक होता. निमुळती पिसे कमरेवरून दोन्ही बाजूंना झुलत होती, आणि ती आंधळ्यालाही हाताला लागली असती.

संध्याकाळी नात कण्यांची वाटी घेऊन अंगणभर फिरली.

“आजोबा, ती कुठे आहे?”

“वहिनींकडे दिली,” मी म्हणालो.