सहा टिंबं! फक्त सहा!

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा! मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय आणि ते आत्ताच सांगायचंय! गेले काही दिवस जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय. भाजीवाल्या मावशींना सांगून झालं, बसमध्ये शेजारी बसलेल्या काकांना सांगून झालं, आणि तरी माझं मन भरत नाही!

सहा टिंबं! दोन उभ्या ओळी, एकेका ओळीत तीन टिंबं. बस्स! एवढ्यात अख्खी मराठी मावते! काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरं, इतकंच काय, आपला ‘ळ’सुद्धा! तुम्हाला हे माहीत होतं? ब्रेल लिपी म्हणून काहीतरी असतं, एवढं आपण सगळे ऐकून असतो. पण ती मराठीत कशी लिहितात आणि सात-आठ वर्षांचं मूल ती कसं शिकतं, हे जवळून पाहिलंय कधी? मी पाहिलं हो! आणि तेव्हापासून मला चैन नाही!

आधी एक सांगून टाकते. मी शिक्षिका नाही. विशेष शिक्षणातलं मला काही कळत नाही. माझी एक मैत्रीण मात्र विशेष शिक्षिका आहे. तिचं ऑफिस गटसाधन केंद्रात, पण ती तिथे क्वचितच सापडते. आज या शाळेत, उद्या त्या वाडीवर, तालुकाभर तिची फिरती चालू असते. जिथे दिव्यांग मूल, तिथे ती! ‘एकदा चल माझ्याबरोबर,’ असं ती कधीपासून म्हणत होती आणि मी एकदाची गेले. जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीचा वर्ग, आणि दुसऱ्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. शेजारी तिची मैत्रीण, पुढ्यात बालभारतीचं तेच पुस्तक, फक्त ब्रेलमधलं, आणि त्यामुळे केवढं तरी जाडजूड! आणि हातात ब्रेल पाटी!

ही पाटी तुम्हाला दाखवायलाच हवी! पाटी म्हणजे आपली काळी दगडी पाटी नव्हे. दोन पट्ट्या एका बाजूला बिजागरीने जोडलेल्या. वरच्या पट्टीला बारीक बारीक खिडक्यांची रांग, खालच्या पट्टीला प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. मध्ये जाड कागद अडकवायचा, मुठीत बसेल अशी छोटी टोचणी घ्यायची, तिला म्हणतात स्टायलस, आणि मग टक, टक, टक! खिडकी चाचपायची, हवं ते टिंब टोचायचं, पुढच्या खिडकीत जायचं. भराभर! मी नुसती बघत राहिले!

आणि मग माझ्या लक्षात आलं की ती उजवीकडून डावीकडे लिहितेय! उजवीकडून! मी मैत्रिणीचा दंड धरून विचारलं, ‘अगं, हे उलटं का?’ तर उत्तर किती सोपं! टोचणीने वरून टोचलं की कागद खालच्या बाजूला फुगतो. उठाव उमटतो तो मागच्या बाजूला. म्हणजे वाचायचं तर कागद उलटायला हवा, आणि कागद उलटला की उजवं ते डावं होतं. म्हणून लिहायचं उजवीकडून, प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं फिरवून, आणि मग कागद उलटून वाचायचं आपल्यासारखं डावीकडून! ‘अ’ म्हणजे डावीकडचं सगळ्यात वरचं एकच टिंब. पण लिहिताना ते टोचायचं उजवीकडे वर! म्हणजे या तिसरीतल्या पोरीच्या डोक्यात प्रत्येक अक्षराची दोन रूपं पक्की आहेत, एक लिहिण्याचं, एक वाचण्याचं, आणि ती त्यांची गल्लत करत नाही! काय म्हणावं याला!

चला, आता तुम्हीही शिका! डावीकडची तीन टिंबं वरून खाली 1, 2, 3. उजवीकडची 4, 5, 6. झालं पाठ? आता ‘आई’ लिहू. ‘आ’ म्हणजे 3, 4, 5. ‘ई’ म्हणजे 3, 5. आली की नाही ‘आई’! त्या मुलीने ‘आई’ लिहून कागद उलटला आणि माझं बोट त्यावर ठेवलं. एकेक टिंब जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढं! माझ्या बोटाला नुसतं खरखरीत काहीतरी लागलं, आणि तिचं बोट त्याच ओळीवरून सरसर पुढे गेलं, जराही न थांबता!

आणि वेलांटी! वेलांटीची गंमत ऐकाच! आपण ‘कि’ लिहितो तेव्हा पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढतो. बोलताना मात्र आधी ‘क’, मग ‘इ’. ब्रेलमध्ये जसं बोलतो तसंच लिहायचं! आधी ‘क’, मग ‘इ’! ‘किती’ म्हणजे क, इ, त, ई. चार घरं, सरळ एकापुढे एक! आणि जोडाक्षर? अर्ध्या अक्षराच्या आधी नुसतं 4 नंबरचं टिंब द्यायचं, की वाचणाऱ्याला कळतं, आता येणारं अक्षर पाय मोडलेलं आहे. ‘पुस्तक’ म्हणजे प, उ, मग ते एकटं टिंब, मग स, त, क. आणि आकडे? 3, 4, 5, 6 ही टिंबं आधी टोचली की पुढचं अक्षर अक्षर राहतच नाही, अंक होतो! ‘अ’चा 1, ‘ब’चा 2, ‘च’चा 3, ‘द’चा 4! तीच टिंबं, आणि बघता बघता गणित सुरू!

ही सहा टिंबं मुळात सुचली कोणाला? एका मुलालाच! लुई ब्रेल, जन्म 1809, पॅरिसजवळचं कुव्रे नावाचं गाव. वडिलांचा घोड्यांचे साज शिवायचा कारखाना. तिथे तीन वर्षांचा लुई आरीशी खेळत होता, ती डोळ्यात गेली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. मग पॅरिसच्या अंधशाळेत त्याच्या हाती आली शार्ल बार्बिये यांची बारा टिंबांची लिपी. बारा टिंबं एका बोटाखाली मावत नव्हती. लुईने ती निम्मी केली, सहा! 1824 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी! आपल्याकडे दहावीतली मुलं असतात त्या वयाची!

आणि आपल्या देशातली गोष्ट तर आणखीच भारी! पूर्वी भारतात ब्रेलच्या वेगवेगळ्या पद्धती चालत. मग 1951 साली भारती ब्रेल ठरलं आणि त्यात उच्चार सारखा तर टिंबंही सारखी असं सूत्र धरलं. मराठीचा ‘क’, कन्नडचा ‘क’, बंगालीचा ‘क’, डोळ्यांना तिन्ही वेगळे, बोटांना एकच! म्हणजे कोल्हापूरची मुलगी कन्नड ब्रेलच्या पानावरून बोट फिरवेल तर अर्थ कळो न कळो, बहुतेक शब्दांचा उच्चार तिला करता येईल! मला सांगा, आपल्याला बेळगावच्या बसवरची कन्नड पाटी वाचता येते का? आणि मराठीत ब्रेल पाक्षिकसुद्धा आहे! ‘स्पर्शज्ञान’! स्वागत थोरात यांनी ते 15 फेब्रुवारी 2008 रोजी सुरू केलं. मी मराठी वाचते, रोज वाचते, आणि हे मला आत्ता कळतंय!

बरं, आता गणिताचा तास! मी तर बाकाला चिकटूनच उभी राहिले. टेलर फ्रेम नावाची एक फळी असते, तिच्यावर आठ कोनांच्या भोकांच्या रांगा. त्या भोकांत चौकोनी खुंट्या बसवायच्या. खुंटीच्या एका टोकाला उंच कड, दुसऱ्या टोकाला दोन टोकदार उंचवटे. कड कुठल्या दिशेला आहे यावरून अंक ठरतो! आठ दिशा, म्हणजे आठ खुणा. खुंटी उलटी केली की आणखी आठ. एकाच प्रकारच्या खुंटीतून सोळा खुणा! अंकही त्यात, अधिक-उणेही त्यात! तिने 47 अधिक 38 मांडलं, एककाखाली एकक, दशकाखाली दशक, आणि मग बोट फिरवत तोंडाने ‘सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक’ असं पुटपुटत 85 उत्तर लावलं. उभी मांडणी, हातचा, सगळं तुमच्याआमच्यासारखंच! शेजारच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर अजून यायचं होतं!

पण थांबा, खरी गोष्ट तर पुढेच आहे! पाटी, टोचणी, फ्रेम ही झाली साधनं. मला वेड लावलं ते वर्गाच्या बाईंनी! त्यांनीही विशेष शिक्षणाची पदवी घेतलेली नाही. त्या तिसरीच्या बाई, बस्स! माझी मैत्रीण काही रोज येऊ शकत नाही, तिच्याकडे शाळाच इतक्या, त्यामुळे एरवी सगळं या बाईंवर. आणि त्या काय करतात माहितीये? फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने बोलतात! ‘हे बघा, हे इथून वजा केलं’ असं म्हणत नाहीत, तर ‘बावन्नातून अठरा वजा केले’ म्हणतात. इतकंच! एक पैसा खर्च नाही! आणि मग मागच्या बाकावरचा तो पोरगा, ज्याला फळ्यावरचं उतरवून घ्यायला नेहमी उशीर होतो, तोही ऐकून ऐकून लिहायला लागला! एकीसाठी केलेलं सगळ्या वर्गाला पुरलं!

आणि अशा बारीकसारीक गोष्टी किती! मुलं बोलायच्या आधी स्वतःचं नाव सांगतात, म्हणजे कोण बोलतंय ते तिला कळतं. दार पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट कधीच नाही, कारण अर्धवट दारावर कपाळ आपटतं. बाकं हलवली तर तिला आधी हात धरून फिरवून आणायचं. जिल्ह्याचा नकाशा? पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून हद्द, आणि नदीसाठी जाड दोरा! खेळाच्या तासाला चेंडूत घुंगरू! तिला हाताला धरून ओढत कोणी नेत नाही, ती मैत्रिणीचा हात कोपराच्या वर धरते आणि अर्धं पाऊल मागून चालते. मला वाटायचं, अशा मुलांसाठी फार मोठं काहीतरी करावं लागत असेल. खर्च, यंत्रं, तज्ज्ञ! लागतात, तेही लागतात. पण दिवसभराचं शिकणं अशाच लहान, नेमक्या, माहीत असाव्या लागणाऱ्या गोष्टींवर चालतं!

आणि मग मैत्रीण परतीच्या वाटेवर सांगत गेली आणि मी प्रश्नांवर प्रश्न विचारत गेले. कमी ऐकू येणारं मूल वर्गात असेल तर बोलताना तोंड मुलांकडे हवं, फळ्याकडे नको, म्हणजे त्याला ओठ दिसतात. अंधुक दिसत असेल तर ठळक रेघांची वही, जाड काळं पेन आणि खिडकीचा उजेड समोरून डोळ्यांवर येणार नाही अशी जागा. हाताची पकड कच्ची असेल तर पेन्सिलीला कापड गुंडाळून ती जाड करायची! स्वमग्न मुलासाठी दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावायचं, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला आधी कळतं आणि ते शांत राहतं. वाचताना अक्षरं अडतात अशा मुलाला तोंडी उत्तर द्यायची मुभा आणि थोडा जास्त वेळ. मी ऐकतेय आणि मनात म्हणतेय, अरे, हे तर कुणालाही करता येईल!

आणि यामागे कायदा उभा आहे! 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 आहेत. स्वमग्नता त्यात आली, अध्ययन अक्षमताही आली! ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांना हवं असेल तर विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क, आणि पुस्तकं, शिकण्याची साधनं अठरा वर्षांपर्यंत मोफत. शाळेला उपकार म्हणून काही करायचं नाहीये, हे ठरलेलं आहे, लिहिलेलं आहे! फक्त ते आईबापांपर्यंत पोचायला हवं. मैत्रीण सांगत होती, अजूनही एखाद्या घरी गेल्यावर आजी म्हणते, ‘तिला कुठं दिसतंय, शाळेत जाऊन काय करणार?’ त्या आजीला मला त्या दुसऱ्या बाकापाशी नेऊन उभं करायचंय! तिच्या बोटाखाली ‘आई’ ठेवायचीय!

म्हणून आता तुम्हाला कामाला लावते! तुमच्या गल्लीत, वस्तीवर, नात्यात असं एखादं मूल घरी बसून असेल, तर जवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. तुमचं मूल शाळेत जात असेल तर पालकसभेत विचारा, आपल्या वर्गातल्या दिव्यांग मुलांसाठी काय केलं जातं? तुम्ही स्वतः शिक्षक असाल तर उद्याच्या पहिल्या तासाला फक्त एक करा, फळ्यावर लिहाल ते मोठ्याने बोला! आणि घरी बसलेल्या त्या मुलाला शाळेत न्यायला सोबत हवी असेल, तर मला सांगा. मी येते!