लोणारच्या विवरातून नांदुऱ्याला

मेहकर, पत्र पहिले

ती. बाबांस व घरच्या सर्व मंडळींस सादर नमस्कार.

नांदुऱ्याहून खामगाव, जानेफळ, मेहकर असा जाणारा लोणारचा रस्ता म्हणजे वऱ्हाडच्या पयानघाटातून बालाघाटात, अर्थात पूर्णेच्या सखल, गाळमातीच्या खोऱ्यातून अजिंठ्याच्या रांगेवरील पठारावर चढत जाण्याचा रस्ता होय. खोऱ्यात गाळाखाली दडलेला काळा कातळ घाट चढताच शेतांच्या बांधांवर आणि नाल्यांच्या पात्रांत उघडा पडू लागतो. हा बसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वाहून थिजलेला लाव्हा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच खडकाच्या एकावर एक साचलेल्या थरांवर वसलेला आहे. पंढरपूरहून परतणारी शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखीही लोणार-मेहकरकडूनच खामगावला येत असल्याने, पायी चालत भूमीशी नाते जोडण्याची रीत या रस्त्याला नवी नाही. मेहकरला शारंगधर बालाजीचे दर्शन घेऊन उद्या पुढचा प्रवास. कळावे.

लोणार, पत्र दुसरे

सादर नमस्कार.

लोणारचे विवर काठावरून पाहणे आणि त्यात उतरून चालणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. काठावरून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खोल वर्तुळाकार खळगा, उतारावरचे दाट रान आणि तळाचे हिरवट पाणी एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि बहुतेक पर्यटक तेवढ्यावरच समाधान मानून परततात, ही खेदाची बाब आहे, कारण या स्थळाचे जे खरे सांगणे आहे ते वाटेवरच्या एकेका दगडापाशी थांबल्याखेरीज उमगत नाही. स्थानिक वाटाड्या सोबत असावा, आणि त्याने घाई करू नये.

चालण्याची सुरुवात बहुधा धारेपासून होते. धार म्हणजे विवराच्या काठावरचा बारमाही झरा. त्याचे पाणी गोमुखातून कुंडात पडते आणि ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर यात्रेकरू स्नान करतात. विष्णूने लवणासुर या दैत्याला मारल्यावर या पाण्याने रक्त धुतले, अशी श्रद्धा आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने हे भेगाळ खडकात मुरलेले पाणी आहे, जे विवराच्या कडेने थर कापले गेल्यामुळे बाहेर पडण्यास वाट मिळून उघड्यावर आले. वाटाड्या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो, आणि त्यात त्याला कोणतीही विसंगती वाटत नाही.

पुढे वाट उतरू लागली की भिंतीत लाव्हाचे थर वेगवेगळे ओळखू येतात. दोन काळ्या थरांमध्ये हातभर किंवा त्याहून कमी जाडीचा विटकरी पट्टा दिसतो, तो बोटाने खरवडला तर गेरूसारखी माती हाताला लागते. एक लाव्हाप्रवाह थंड होऊन त्याच्या पृष्ठभागाची माती झाली आणि नंतर दुसरा प्रवाह त्यावरून वाहून ती भाजून निघाली, असा या पट्ट्याचा अर्थ लावला जातो. विशेष लक्ष देण्याजोगी गोष्ट काठाजवळ आहे: इतरत्र आडवे असणारे हे थर तेथे वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत, म्हणजे आघाताच्या जोराने जमीनच उलथली गेली.

हा आघात उल्केचा होता, हे मान्य होण्यास फार काळ लागला. इ.स. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली, आणि त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले गेले. बसाल्टच्या प्रदेशात तसे वाटणे स्वाभाविकच होते. निर्णायक पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तळाशी घेतलेल्या वेधनांतून मास्केलिनाइट सापडल्याचे दाखवण्यात आले. मास्केलिनाइट म्हणजे प्रचंड दाबाच्या धक्क्याने फेल्डस्पार या खनिजाची झालेली काच, आणि तेवढा दाब ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. वयाबाबत मात्र मते बदलत गेली: एका पद्धतीने विवर सुमारे ५२,००० वर्षांचे ठरले होते, तर नंतरच्या आर्गॉन-मापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षांचे असल्याचे दाखवले.

तळाच्या पाण्याला बाहेर जाण्यास वाट नाही, म्हणून झरे आणि पाऊस जे क्षार आणतात ते बाष्पीभवनाने साचत जातात, आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे मान, दहाच्या आसपास राहतो. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातील विहिरींची चव ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही हे पाणी तोंडात धरवणार नाही. कोरड्या दिवसांत काठावरचा पांढरा थर पायाखाली करकरतो, आणि उग्र दर्प येतो. एकेकाळी हे क्षार गोळा करून साबण आणि काचेच्या धंद्यासाठी विकले जात, आणि गोळा करणारे त्यांच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखत. पुराणकथेत हेच पाणी असुराचे रक्त आहे आणि हेच क्षार त्याचे मांस. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा ही कथा अनेकांच्या ओठांवर आली असल्यास नवल नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे दिसून आले.

सरोवराच्या काठाकाठाने मंदिरांची रांग आहे, त्यातील कित्येक पडझडीच्या अवस्थेत आहेत. कमळजा देवीचे देवस्थान मात्र जागते आहे, आणि नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते. देवळासमोरच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस खारे पाणी असल्याचे सांगतात. सरोवर चढले की ती विहीर बुडून जाते. कळावे.

लोणार, पत्र तिसरे

सादर नमस्कार.

गावातील दैत्यसूदनाचे मंदिर यादवकालीन परंपरेतले असून, विष्णूने पायाच्या अंगठ्याने असुराच्या भुयाराचे झाकण उडवले आणि आत लपलेल्या त्या दैत्याचा वध केला, ही कथा त्याच्याशी निगडित आहे. नांदुऱ्याच्या महामार्गावर १०५ फूट उंच उभा असलेला मारुती ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्यांनी येथील निजलेला मोठा मारुतीही अवश्य पाहावा. त्याचा दगड चुंबकीय असल्याचे सांगितले जाते.

येथे लोणारप्रमाणेच आघातातून घडलेल्या, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील त्नोराला या स्थळाचा उल्लेख आवश्यक वाटतो. अॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस सुमारे १७५ किलोमीटरवर, कोरड्या प्रदेशात टेकड्यांचे एक कडे आहे, जे सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताचा झिजलेला अवशेष होय. पश्चिम अरेर्न्ते या आदिवासी समाजाच्या कथेनुसार आकाशगंगेत स्त्रिया नृत्य करीत असता एकीने आपले मूल लाकडी पाळण्यात ठेवले, तो पाळणा कलंडून पृथ्वीवर कोसळला आणि हे कडे तयार झाले. शुक्राचा पहाटतारा आणि सांजतारा हे त्या बालकाचे मातापिता अद्याप त्याला शोधत आहेत. दूर अंतरावरच्या दोन समाजांनी आघाताच्या खुणेला पवित्र मानले. एकाने आकाशातून पडलेल्या वस्तूची कथा सांगितली, तर दुसऱ्याने पाताळातून उघडलेल्या द्वाराची.

पण तेथील आदिवासींच्या आणि आपल्या रीतीमध्ये एक मोठा फरक आहे, आणि लोणारने तो लक्षात घ्यावा असे मनापासून वाटते. मध्य ऑस्ट्रेलियातीलच उलुरू या महाशिळेवर १९८५ साली अनांगू या आदिवासी लोकांचा हक्क मान्य झाला, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून तिच्यावर चढणे बंद झाले. पायथ्याची सुमारे १०.६ किलोमीटरची प्रदक्षिणा खुली आहे, परंतु वाटेवरच्या काही जागांचे छायाचित्र घेऊ नये, आणि काही कथा केवळ अधिकारी व्यक्तींनीच सांगाव्यात, असा दंडक तेथे पाळला जातो. लोणारची कथा मात्र सर्वांसाठी खुली आहे, ती कीर्तनातून, पोथीतून कोणालाही ऐकता येते, आणि ही आपल्या परंपरेची उदारता आहे. परंतु कथा सर्वांची झाली म्हणून दगडाची जबाबदारी कोणाचीच नाही, असे होता कामा नये. येथे अभयारण्य आहे, २०२० पासून सरोवर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नोंदले गेले आहे. तरीही नियम पाळायला लावणारा खरा धाक कागदाचा नसून, कातळ न तुडवता आणि एखादा दगडही खिशात न टाकता चालणाऱ्या यात्रेकरूचा असतो.

घरची मंडळी येणार असल्यास पहाटे उतरावे, पाणी बरोबर ठेवावे, कमळजेपर्यंतची वाट घसरडी असल्याने पादत्राणे जाड तळव्याची असावीत, आणि वाटाड्या सकाळीच ठरवावा. धारेवरून प्रारंभ केल्यास परतीची चढण दुपारच्या उन्हाआधी संपते. कळावे, लोभ असावा.